टीव्हीच्या कडेला गेलेली ओळ

दिग्या, तू गेल्याची बातमी आपल्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ती खरी मानलीच नाही. फोटो तुझाच होता, खाली श्रद्धांजली होती, हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मी बदलापूरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. माझ्या मनात आलेला पहिला विचार लाज वाटावी असाच होता. म्हटलं, याने आता स्वतःचंही नाव टाकलं वाटतं. मला जिवंतपणी मारून झालं, आता स्वतः मरून दाखवतोय. मी रडलो नाही, बायकोला हाक मारली नाही. सरळ तुझा नंबर लावला. तू उचलशील आणि खी खी करून हसशील, याची मला जवळजवळ खात्री होती. फोन तुझ्या बायकोने, सुलभा वहिनींनी उचलला. मागून घरातल्या बायकांच्या रडण्याचा आवाज आला. तेव्हा पटलं.

माझ्या या संशयी स्वभावाला तू जन्मभर हसलास. पण शिवडीच्या गोदामाच्या गेटवर चौतीस वर्षं ज्याने बाहेर पडणाऱ्या गाड्या तपासल्या, तो माणूस दुसरं काय शिकणार? ताडपत्री उचलून बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो. ओळखीचा असेल तर दोन कोपरे जास्त उचलायचे. आणि तू कोण? हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर बसून हयात घालवलेला माणूस. 'ताई, हा रंग तुम्हालाच खुलणार' हे तू दिवसातून किती जणींना ऐकवलं असशील, देव जाणे. मी एकदा विचारलं होतं, खोटं बोलताना जीभ अडखळत नाही का रे? तू म्हणालास, ''खोटं कुठं? प्रत्येकीला कुठला ना कुठला रंग खुलतोच. मी गठ्ठ्यातला वरचा सांगतो.'' तेव्हापासून तू काहीही बोललास की त्या गठ्ठ्यात खाली काय आहे, ते बघावंसं मला वाटायचं.

काळाचौकीच्या चाळीत आपल्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत होती. तुझ्याकडे बांगडा तळला की आमच्याकडे भात जास्त खाल्ला जायचा. दोघांचेही बाप एकाच गिरणीत, दोघंही एकाच शाळेत नापास. मंडळात तू चिटणीस, मी सहचिटणीस. म्हणजे कामं तू अंगावर घ्यायचीस आणि ती तू नीट केलीस का, ते मी बघायचं. हे असं पस्तीस-एक वर्षं चाललं आणि दोघांनाही त्यात सुख होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तुझ्या घरात तो काळा डबा पहिल्यांदा बघितला तेव्हाही मला संशयच आला होता. तुझा निलेश मस्कतला गेला आणि त्याचा गेम खेळायचा डबा टीव्हीखाली तसाच ठेवून गेला. त्याच सुमारास मंडळाच्या ऑफिसात गटाराचं पाणी शिरलं आणि मंडळाचा कॉम्प्युटर त्यात बुडाला. गणपतीचा वार्षिक अहवाल छापायचा होता. तो दरवर्षी तूच लिहायचास: जमाखर्च, कार्यकारिणी, आभार, अभिनंदन, आणि वर्षभरात गेलेल्या सभासदांची यादी. काळाचौकीत माणूस अहवाल उघडला की ती यादी आधी बघतो, बाकी सगळं मागाहून.

''नवीन मागव ना मंडळाकडे,'' मी म्हटलं.

''कशाला? घरात आहे की.''

''अरे, ते खेळायचं आहे.''

''आत दिमाग तोच असतो रे. गाड्या पळवतो, तर अक्षरं नाय पळवणार?''

तुझं खरं कारण मला मागाहून कळलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा बाकी. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसायची. टीव्हीवर मात्र तुला एकेक अक्षर लाडवाएवढं करून घेता यायचं. बुडालेल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड तेवढा वाचला होता. तो तू गच्चीवर उन्हात वाळवलास, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक बटण साफ केलंस आणि त्या डब्याला जोडलास. माऊस काही त्याने घेतला नाही. मग गाड्या पळवायचा तो रिमोट दोन्ही हातांत धरून, अंगठ्याने बाण सरकवत, त्रेसष्ट वर्षांचा चिटणीस खाटेवर मांडी घालून बसायचा. इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटायची. त्यातून कागद काढता येत नव्हता, म्हणून सगळं मेलने गिरगावच्या छापखान्यात जायचं. वहिनींच्या मालिका सुरू व्हायच्या आत ऑफिस बंद.

एकदा दुपारी मी न सांगता आलो तर टीव्हीवर लाल गाडी वळणावर उलटत होती. ''मशीन गरम करतोय,'' असं तू म्हणालास. आता टीव्हीला कोण गरम करतं? ते मी मनात जपून ठेवलं. असल्या गोष्टी मी कधी टाकून देत नाही.

टीव्हीची मात्र खरी खोड होती. जाडा, जुना टीव्ही, चारही बाजूंनी बोटभर चित्र गिळायचा. एखादी ओळ खालच्या कडेला गेली की दिसायची नाही. शिवाय अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली, की एका वेळी चार-पाच ओळींपेक्षा जास्त काही समोर नसायचंच. मी तुला म्हटलं होतं, दिग्या, हे घोटाळ्याचं काम आहे. तू म्हणालास, ''तू आहेस ना बघायला.''

आणि मग मी नव्हतो. मुलाने बदलापूरला घर घेतलं. दोन खोल्या, संडास घरात, लिफ्ट. गेटवरची नोकरी संपली होती, हिचे गुडघे चाळीच्या जिन्याला कंटाळले होते. मी तुला सांगायला आलो तेव्हा तू गॅलरीत तुळशीला पाणी घालत होतास. तू वळलासही नाहीस.

''काळाचौकी सोडून जाणारा माणूस आमच्यासाठी गेलाच, मोहन्या.''

''गेलो तर गेलो. तुझ्या परवानगीने जगायचं की काय आता?''

हे असं बोललो आपण. भिंतीपलीकडे हिने ऐकलं, आत वहिनींनी ऐकलं. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी तू दुकानाला सुट्टी नसल्याचं कारण सांगून निघून गेलास. निवृत्त होऊन तुला तेव्हा वर्ष झालं होतं, रे.

त्या वर्षीचा अहवाल मला बदलापूरला मिळाला. सवयीने मी यादीचं पान आधी उघडलं. वरून पाच नावं ओळखीची, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलेलो. सहावं नाव 'कै. मोहन सीताराम गावडे'. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मी होतो तिथे. माझ्या बापाच्या नावासकट.

पुढचे आठ दिवस काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. फोन आले. मी उचलला की पलीकडचे गप्प व्हायचे. शिवडीची माझी मावशी पंचाहत्तरीची, ती चाफ्याचा हार घेऊन दोन गाड्या बदलत बदलापूरला आली. दार मीच उघडलं. ती दारातच मटकन बसली आणि म्हणाली, ''मेल्या, तू जिवंत आसस? मगे ह्यो हार आता मी कोणाक घालू?'' मी हसलो, पण हिला हसू आलं नाही. नव्या सोसायटीत कुणाची ओळख नाही, आणि खालच्या मजल्यावरची, मूळची लालबागची, एक बाई हिच्या कपाळाकडे बघून गेली. दिग्या, हिला त्या नजरेचा राग अजून आहे.

मी फोन करून एकच प्रश्न विचारला होता, ''मुद्दाम केलंस?''

तू म्हणालास, ''मशीन खेळायचं आहे रे. खेळतं कधी कधी.''

मग तुझं सगळं स्पष्टीकरण. मेलेल्यांच्या यादीखालीच तू अभिनंदनाचा मथळा टाकला होतास, 'नवीन घराबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली माझं नाव. अध्यक्षांनी सांगितलंच होतं तसं. मग मागच्या वर्षीची जुनी नावं पुसायला निवडलीस, ती निवड टीव्हीच्या कडेखाली एक ओळ जास्त गेली. मथळा पुसला गेला, नाव राहिलं, आणि वरच्या मेलेल्यांना जाऊन चिकटलं. दिसलंच नाही. झालं.

मी म्हटलं, मथळा टीव्हीने खाल्ला, मान्य. पण 'कै.' कोणी लावलं? ते काही टीव्ही लावत नाही. तू म्हणालास, ''मी 'श्री.' दिलं होतं आईशप्पथ. छापखान्यात सगळ्या नावांना लागलंय म्हणून ह्याला पण लावलं असणार.'' मी छापखान्यात फोन केला. ते म्हणाले, साहेब, येतं तसं आम्ही छापतो. आता तूच सांग, गेटवरचा माणूस यातल्या कुणावर विश्वास ठेवील? दोन महिन्यांपूर्वी 'गेलाच' म्हणणारा तू, आणि यादीत गेलेला मी. गाडी पकडायला याच्या निम्मा पुरावा पुरतो.

''घरी ये. फाइल दाखवतो,'' तू म्हणालास.

''त्या खेळण्यासमोर मी बसणार नाही,'' असं मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गणपतीला आलो मात्र. मागे उभा राहिलो, खांबाआड. आरती झाल्यावर तू दरवर्षीसारखं गाऱ्हाणं घातलंस. गावातल्यासारखं, हात जोडून, मोठ्या आवाजात. ''बा देवा म्हाराजा, ज्या कोणाचा नाव आमच्या हातून चुकान भलत्या ठिकाणी गेला आसात, तेका शंभर वरसां आयुष्य दी रे म्हाराजा!'' सगळा मांडव ओरडला, ''होय म्हाराजा!'' आणि सगळ्यांनी माना वळवून मला शोधलं. हशा पिकला. तू हसला नाहीस. तू खोकलास आणि उपरण्याने तोंड पुसलंस. मला वाटलं, हसू लपवतोय. मी प्रसाद न घेता निघालो.

त्यानंतर दोन वर्षं आपण भेटलो ते लग्नात नाहीतर मयताला. तू 'कसा आहेस' विचारायचास, मी 'अजून आहे' म्हणायचो. लोक हसायचे. आपल्याला दोघांनाही त्यात काही हसण्यासारखं दिसायचं नाही.

तुझं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. अहवाल अर्धा राहिलाय, गणपती जवळ आलेत, त्या डब्याला हात लावायचं कुणालाच माहीत नाही. ''भावोजी, तुम्ही तेवढं बघता का?'' खोटं कशाला सांगू, मदत करायला म्हणून मी निघालोच नव्हतो. मला ती जुनी फाइल बघायची होती.

तुझी खाट, तुझी मांडी घालायची जागा, उशीला तेलाचा डाग. रिमोट हातात धरायला मला दहा मिनिटं लागली. बाण माझ्या अंगठ्याखाली कुठेही पळत होता. वहिनी बाजूला वाल सोलत बसल्या होत्या, त्या मला शिकवत होत्या, ''हळू, असं नुसतं टेकवायचं, हे तसंच करायचे.'' त्या वर्षीची फाइल सापडली. उघडली. पाच नावांना 'कै.' आणि सहाव्या माझ्या नावाला 'श्री.'. तू म्हणाला होतास तसंच.

मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं मन बघ कसं असतं. मी मनात म्हटलं, फाइल काय, नंतरही बदलता येते. मग म्हटलं, टीव्हीची गोष्ट खरी आहे का ते तरी बघू. पान वरखाली सरकवलं. एकही ओळ कडेला जाईना. अगदी शेवटचं अक्षर स्वच्छ दिसत होतं. तेव्हा माझं लक्ष गेलं, टीव्ही सपाट होता, नवा.

''जुना टीव्ही कुठे गेला, वहिनी?''

''तो ना? त्याच गणपतीनंतर भंगारवाल्याला देऊन टाकला ह्यांनी. चांगला चालत होता, मी ओरडले पण. म्हणाले, नको घरात, ह्याने मोहन्याला मारला.''

मी रिमोट खाली ठेवला. माझ्यासाठी चालता टीव्ही टाकला याने, असं वाटलं आणि त्याच वेळी डोक्यात आलं, पुरावा भंगारात घातला पठ्ठ्याने. दोन्ही एकदमच झालं, रे. मी असाच आहे, आणि तू मला असंच ओळखत होतास.

मग कामाला लागलो. जमाखर्च तू पुरा केला होतास. आभार झाले होते. कार्यकारिणीत वरून दुसऱ्या ओळीत तुझं नाव होतं, 'श्री. दिगंबर राऊळ, चिटणीस'. त्याखाली 'सहचिटणीस' असं लिहून पुढची जागा मोकळी होती. यादीत या वर्षीची चार नावं तूच टाकली होतीस. पाचवं मला टाकायचं होतं. मी 'कै.' लिहिलं. पुढे बोट चालेना. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. वर जाऊन चिटणीसाच्या जागेवरचं तुझं नाव काढायला गेलो, तर तेही काढवेना. शेवटी यादी चार नावांवरच ठेवली आणि म्हटलं, झालं वहिनी, पाठवतो.

त्यांनी वालाचं ताट बाजूला ठेवलं आणि टीव्हीकडे बघितलं. सगळं वाचलं, सावकाश.

''भावोजी, ह्यांचं नाव राहिलं खाली.''

''कडेला गेलं असेल. टीव्हीच्या.''

''ह्या टीव्हीत काही जात नाही.''

माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघालं, ''मशीन खेळायचं आहे, वहिनी. खेळतं कधी कधी.''

त्या म्हणाल्या, ''तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. पण आता कोणाला विचारू? त्या दिवशी मी इथेच बसले होते. टीव्हीने काही खाल्लं नाही, भावोजी. ती अभिनंदनाची ओळ ह्यांनी तीनदा लिहिली आणि तीनदा पुसली. मी म्हटलं, अहो, एवढं काय त्यात? तर म्हणाले, त्याचं घर झालं, सगळ्यांना आनंद झाला, मलाच होत नाही, आणि माझ्याच हाताने अभिनंदन लिहू? ओळ पुसली ती पुसलीच. मग तुमचं नाव पुसायला गेले, तर ते काही पुसवेना. म्हणून नुसतं नाव राहू दिलं. वर मेलेल्यांची यादी होती, पण अक्षरं मोठी केल्यामुळे ती टीव्हीच्या बाहेर वर सरकली होती, दिसली नाही. छापून आलं तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत.''

''मग मला खरं का नाही सांगितलं त्याने?''

''काय सांगणार? मित्राचं घर झालं आणि मला वाईट वाटलं, असं कोणी सांगतं का?''

म्हणजे माझा संशय बरोबर होता, दिग्या. तू मुद्दाम केलंस. ताडपत्रीखाली माल होताच, फक्त मी जो शोधत होतो तो नव्हता. गठ्ठ्यातली खालची साडी तू मला दाखवलीच नाहीस, आणि मीही तुझ्या घरी येऊन बसलो नाही. एकदा त्या खेळण्यासमोर तुझ्या बाजूला बसलो असतो, तर तुझ्या तोंडावरूनच मला कळलं असतं. चौतीस वर्षं मी अनोळखी लोकांची तोंडं वाचली. तुझ्यावर मी रागावलेलो आहे, आणि हा राग आता कुठे ठेवायचा, ते मला समजत नाही.

वहिनींना मी विचारलं, यादीत घालू का नाव? तुम्ही सांगाल तसं. त्या म्हणाल्या, ''पुढच्या वर्षी बघू.'' आणि वालाचं ताट पुन्हा पुढे ओढून घेतलं.

फाइल मी तशीच पाठवली. 'सहचिटणीस'च्या पुढे तू मोकळी ठेवलेली जागा होती, तिथे माझं नाव लिहून टाकलं. बदलापूरहून यायला दीड तास लागतो, येईन. तू चिटणीसच आहेस अजून, 'श्री.' लावून. गिरगावला छापखान्यात फोन करून मी दोनदा बजावलंय, की जसं आलंय तसंच छापा, स्वतःच्या मनाने कुणाच्या नावाला काही लावू नका.